किल्ली कोणाच्या कमरेला?

सामायिक वस्तू म्हणजे जिची मालकी सर्वांकडे आणि किल्ली नेहमी दुसऱ्याकडे असते ती वस्तू, ही व्याख्या मी मीरा रोड येथील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत एकवीस वर्षे काढल्यानंतर स्वानुभवाने सिद्ध केली आहे. आणि उभी हयात सरकारी कचेरीत दप्तरे बांधण्यात व सोडण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या निवृत्त कारकुनाच्या नावावर एखादी तरी व्याख्या असावी, ही आकांक्षा अवाजवी आहे असे मला वाटत नाही. अंधेरीच्या सीप्झमध्ये संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या माझ्या भाच्याला मी ती ऐकविली, तेव्हा तो हसेल अशी माझी अपेक्षा होती. तो हसला तर नाहीच, उलट चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "मामा, तुम्ही आमचं दुखणंच बोलून दाखवलंत. आमच्याकडे यावर जाडजूड पुस्तकं आहेत." दुखण्यावर जाडजूड पुस्तके असणे हे दुखणे बरे न झाल्याचे लक्षण आहे, हे मी त्याच्या वयाकडे पाहून बोललो नाही.

प्रकरण समजावून घ्यावयाचे तर प्रथम 'वस्तू' म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या नॉर्वेच्या दोन विद्वानांनी 'सिम्युला' नावाची एक संगणकीय भाषा रचली आणि १९६७ च्या तिच्या सुधारलेल्या आवृत्तीत वर्ग व त्या वर्गातील वस्तू अशी मांडणी रूढ केली. या मांडणीतील वस्तू फार मानी असते. तिच्या पोटातील ऐवजाला कोणी परस्पर हात लावावयाचा नाही. तिच्यापाशी अर्ज करावा, तिने तो मंजूर करावा आणि जे द्यावयाचे ते स्वतःच्या हाताने द्यावे, असा तिचा शिरस्ता. संगणकात काम करणारा एकच होता तोवर हा कारभार बिनबोभाट चालला. जसा १८६७ च्या एप्रिलात विरारहून पहिली उपनगरी गाडी निघाली त्या काळी चालत असे, कारण सकाळी एक गाडी जाई व संध्याकाळी ती परत येई, आणि एकाच गाडीला स्वतःशी टक्कर देता येत नाही. पुढे एकाच यंत्रात चार-चार, आठ-आठ मेंदू बसविण्यात आले, एकाच आज्ञावलीचे अनेक 'धागे' एकाच वेळी कामास लागले, आणि ते सारे एकाच वस्तूपाशी एकाच क्षणी अर्ज घेऊन उभे राहू लागले. सात सुगरणी आणि भाजी अळणी, ही आपली म्हण त्या विद्वानांना ठाऊक असती तर त्यांचे पुष्कळ कागद वाचले असते. मात्र संगणकातील सुगरणींची गोष्ट किंचित निराळी आहे. प्रत्येक सुगरण भाजी चाखते, प्रत्येकीला ती अळणी लागते, आणि प्रत्येकजण चिमूटभर मीठ घालते. भाजी खारट होते, आणि चौकशी केली तर सातहीजणींचे वर्तन निर्दोष ठरते.

हे मला तत्काळ पटले, कारण गेल्या भाद्रपदात आमच्या गणपतीच्या वर्गणीचे नेमके असेच झाले होते. तळमजल्यावर, लिफ्टशेजारी, एक पांढरा फळा आहे. त्यावर जमा वर्गणीची एकूण रक्कम लिहिण्याची वहिवाट आहे, हेतू असा की ज्यांनी दिली नाही त्यांना लिफ्टची वाट पाहताना लाज वाटावी. त्या संध्याकाळी फळ्यावर १०,००० हा आकडा होता. ए विंगमधील एका मुलाने तो पाहिला आणि तो आपल्या विंगेत फिरावयास गेला. बी विंगमधील मुलानेही तोच आकडा पाहिला आणि तो आपल्या विंगेत गेला. पहिल्याने ३,००० जमविले, पेटीत टाकले, मनातल्या मनात बेरीज केली, फळा पुसला आणि १३,००० लिहिले. दुसऱ्याने २,५०० जमविले, पेटीत टाकले, आपण पाहिलेल्या दहा हजारांत ते मिळविले, फळा पुसला आणि १२,५०० लिहिले. दोघेही घरी जाऊन जेवले. रात्री खजिनदारांनी पेटी मोजली तेव्हा तीत १५,५०० रुपये निघाले.

तूट आली असती तर आमची संस्था डगमगली नसती. तूट आमच्या परिचयाची आहे, तिच्यासाठी जमाखर्चात एक निराळे खातेच आहे. परंतु ३,००० रुपयांची वाढ पाहून खजिनदारांच्या तोंडचे पाणी पळाले. "तूट पदरची घालून भरून काढता येते हो," ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "वाढ कशी भरून काढायची?" तातडीची सभा भरली. कोणी निनावी देणगीचा तर्क केला, कोणी काळ्या पैशाचा. एका ज्येष्ठ सभासदाने हा बाप्पाचा चमत्कार असल्याने लेखापरीक्षकास कळवू नये, अशी तजवीज सुचविली, आणि ती जवळजवळ मंजूर झाली होती. भाच्याला मी ही हकीकत सांगितली तेव्हा त्याने तिचे तीन तुकडे केले: वाचणे, मिळविणे, लिहिणे. हे तिन्ही मिळून एक काम आहे असे आपण समजतो. यंत्राच्या लेखी ती तीन कामे आहेत, आणि पहिल्या व तिसऱ्याच्या मध्ये जी फट राहते तिच्यातून दुसरा धागा खुशाल आत शिरतो. म्हणून एकाने आकडा वाचल्यापासून लिहीपर्यंत दुसऱ्याने फळ्याकडे पाहूसुद्धा नये, असा बंदोबस्त करावा लागतो. या बंदोबस्ताला ते लोक कुलूप म्हणतात.

कुलूप हा शब्द ऐकून मला धीर आला, पण तो फार टिकला नाही, कारण संगणकातील कुलूप पितळेचे नसून रुमालाचे असते असे निष्पन्न झाले. मे महिन्यात गावी जाणाऱ्या एस.टी.च्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल, किंवा भाईंदरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये मित्रासाठी शेजारी ठेवलेली बॅग, ही त्याची जातभाई. रुमालाच्या अंगी बळ कसले? जे काही बळ असते ते रुमाल पाहणाऱ्याच्या डोळ्यांतील भिडेत असते. शंभर प्रवाशांनी रुमालाचा मान राखला आणि एकशे एकावा त्याच रुमालावर बसून मिटक्या मारीत शेंगा खाऊ लागला, तर सारा कायदा त्या शेंगांच्या फोलपटांबरोबर खिडकीबाहेर जातो. भाचा म्हणाला की त्यांच्याकडेही असेच घडते. पन्नासजण कुलूप पाहून मग वस्तूला हात लावतात, आणि नव्याने नोकरीस लागलेला एखादा पोरगा घाईघाईत, न पाहता, सरळ हात घालतो. आणि अपघात होतो तो सहा महिन्यांनी, मध्यरात्री, तो पोरगा नोकरी सोडून गेल्यावर.

आता ज्या रात्रीमुळे मला या शास्त्राची गोडी लागली ती रात्र सांगतो. मीरा-भाईंदरला १९८५ साली नगरपालिका मिळाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. स्वतःचे असे धरण मात्र मिळाले नाही. पाणी येते ते स्टेम प्राधिकरणाकडून आणि एमआयडीसीकडून. त्यातील स्टेम, म्हणजे शहाड-टेमघर, हे उल्हास नदीचे पाणी ठाण्याला देते, भिवंडीला देते, गावांनाही देते आणि आम्हांलाही देते. म्हणजे आमच्या नळाचे पाणी नळात येण्यापूर्वीच बहुतांचे सामायिक झालेले असते. चावीवाला आपल्या पाळीप्रमाणे रस्त्यावरची चावी फिरवितो, पाणी आमच्या जमिनीखालच्या टाकीत पडते, आणि तेथून पुढची जबाबदारी आमची. ही जबाबदारी पार पाडण्यास दोन गोष्टी लागतात: पंपाच्या खोलीची किल्ली आणि ए विंग व बी विंग यांच्या नळांवरचा व्हॉल्व्ह फिरविण्याची लोखंडी चावी. किल्ली आणि चावी असे दोन शब्द मराठीने एकाच वस्तूसाठी उगाच ठेवले असावेत असे मला पूर्वी वाटे. आमच्या संस्थेने त्यांना दोन निरनिराळ्या घरी ठेवून भाषेची लाज राखली. किल्ली ए विंगमधील सेक्रेटरींकडे, चावी बी विंगमधील खजिनदारांकडे. सत्तेचे विभाजन व्हावे, कोणा एकाने मनमानी करू नये, असा त्यामागील उदात्त हेतू इतिवृत्तात नमूद आहे.

त्या रात्री अडीच वाजता पाणी आले. सेक्रेटरी किल्ली मुठीत धरून उठून बसले व खजिनदार चावी घेऊन येतील म्हणून वाट पाहू लागले. खजिनदार चावी मांडीवर घेऊन बसले व सेक्रेटरी किल्ली घेऊन येतील म्हणून वाट पाहू लागले. हातातील वस्तू सोडून द्यावी तर आपल्या विंगेची टाकी मागाहून भरणार, ही भीती दोघांनाही सारखीच. पावणेतीनला फोन झाला.

"मी तयार आहे, आपण चावी घेऊन यावं."

"मीही तयारच आहे, आपणच किल्ली पाठवावी."

संभाषण अत्यंत सभ्य होते, आणि सव्वातीन, पावणेचार व साडेचार वाजता त्याच सभ्यतेने त्याची पुनरावृत्ती झाली. पाच वाजता खालची टाकी भरून वाहू लागली. फाटकातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गटारात असा एक झुळझुळता ओहोळ पहाटेच्या अंधारात निघाला असता, वरच्या चौसष्ट घरांतील नळ मात्र खोकल्याची उबळ आल्यासारखे आवाज करीत होते. मी दूध आणावयास खाली उतरलो तेव्हा दूधवाला मला म्हणाला, "काका, तुमच्याकडे पाणी फार झालं वाटतं."

भाच्याने या प्रकाराचे नाव डेडलॉक असे सांगितले. १९७१ साली कॉफमन नावाच्या पंडिताने दोन सहकाऱ्यांसह एक निबंध लिहून असा पेच पडण्यास चार अटी पुऱ्या व्हाव्या लागतात असे दाखविले आहे: वस्तू एका वेळी एकालाच वापरता यावी, हातातली न सोडता दुसरीची वाट पाहावी, कोणाच्या हातातली कोणी हिसकावून घेऊ नये, आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ पुरे व्हावे. आमच्या कार्यकारिणीतील एकानेही तो निबंध वाचलेला नसताना चारही अटी एका रात्रीत बिनचूक पुऱ्या झाल्या, ही गोष्ट आमच्या संस्थेला भूषणावह आहे. तोडगाही भाच्याने सांगितला. वस्तूंना क्रमांक द्यावेत आणि सर्वांनी त्या क्रमाने घ्याव्यात. आधी किल्ली, मग चावी. किल्ली ज्याला मिळाली नाही त्याने चावीला स्पर्शही करू नये. म्हणजे वर्तुळ पुरे होत नाही. गणितदृष्ट्या हा उपाय निर्दोष आहे असे मी त्याच्या कागदावर पडताळून पाहिले आणि ठराव म्हणून मासिक सभेपुढे मांडला. सभेने तो तत्त्वतः मान्य केला. मात्र ए विंगकडील किल्लीला पहिला क्रमांक आणि बी विंगकडील चावीला दुसरा का, या उपप्रश्नावर तीन सभा तहकूब झाल्या आहेत.

या शास्त्राचा वंश रेल्वेपर्यंत पोहोचतो हे कळल्यावर मला त्याविषयी अधिकच आपुलकी वाटू लागली. एड्सगर डायक्स्ट्रा या डच पंडिताने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कुलपाची जी पहिली नामांकित युक्ती काढली, तिला त्याने सिमाफोर हे नाव दिले; सिमाफोर म्हणजे हात वर-खाली करणारा जुन्या रेल्वेचा खांब. आत शिरण्यापूर्वी एक क्रिया, बाहेर पडताना दुसरी. डच भाषेत 'वाढविणे' आणि 'कमी करणे' हे दोन्ही शब्द 'व्ही' या एकाच अक्षराने सुरू होतात म्हणून या गृहस्थाने कमी करण्यासाठी 'प्रोलाख' हा डच माणसालाही न कळणारा शब्द स्वतः तयार केला. आमच्या भाषा संचालनालयाचे शब्द वापरून नोकरी केलेल्या माणसाला अशा प्रसंगी परकेपणा वाटत नाही. याहून सोपी युक्ती रेल्वेच्या एकेरी मार्गावर पूर्वीपासून होती. दोन स्टेशनांवर नील साहेबाची दोन यंत्रे, ती विजेच्या तारेने एकमेकांस जखडलेली, आणि त्यांतून एका वेळी एकच पोलादी गोळा बाहेर पडणार. तो गोळा कातडी पिशवीत घालून, पिशवी वेताच्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हाती दिल्याखेरीज गाडी पुढे जावयाची नाही. लहानपणी मी चालत्या इंजिनातून ते कडे खांद्यात झेलणारा फायरमन पाहिला आहे. त्या कड्यात काय आहे हे विचारल्यावर वडील म्हणाले होते, "रस्ता."

या वर्गातील बाकीच्या युक्त्या मी उरकून घेतो. लेस्ली लॅम्पोर्ट याने १९७४ साली बेकरीवरून स्फूर्ती घेऊन एक रीत सांगितली: आलेल्या प्रत्येकाने क्रमांक घ्यावा, लहान क्रमांकाने आधी जावे, आणि दोघांना चुकून एकच क्रमांक मिळाला तर ज्याचे नाव यादीत आधी त्याने आधी जावे. भाईंदरच्या बेकरीत सकाळी पाव घेणाऱ्यास यात नवे काही दिसणार नाही, फक्त क्रमांक दिसणार नाही. तसेच 'सर्वांना उठवा' नावाची एक आज्ञा आहे, तिचा प्रयोग आमच्याकडे टँकर आल्यावर होतो. वॉचमन खालून एकच आरोळी ठोकतो, चौसष्ट घरांतील चौसष्ट माणसे बादल्या घेऊन जिना उतरतात, नळीखाली एक बादली लागते आणि त्रेसष्ट माणसे पुन्हा वाट पाहू लागतात.

पण भाच्याने सांगितलेल्या सर्व गोष्टींत माझ्या काळजाला भिडली ती एकच. डेन्मार्कचा पेर ब्रिंच हान्सेन आणि इंग्लंडचा टोनी होर यांनी १९७३-७४ च्या सुमारास असे म्हटले की कुलूप वापरणाऱ्यांच्या हाती देणे हीच मुळी चूक आहे. दहाजणांना किल्ली दिली की दहांपैकी एक विसरणारच. किल्ली वस्तूच्याच कमरेला असावी. वस्तूनेच दारात बसावे, एका वेळी एकालाच आत घ्यावे, दुसरा आला तर त्याला उंबरठ्यावर थांबवावे, आणि हवी ती चीज आत नसेल तर "थांब, आली की हाक मारीन" असे सांगावे. या रचनेला त्यांनी मॉनिटर हे नाव दिले. मी भाच्याला म्हटले, "अरे, ही तर आजी."

राजापूर तालुक्यातील आमच्या घरी कोठीची एक अंधारी खोली होती. तीत पोह्यांचे पिंप, गुळाच्या ढेपी, फणसपोळ्या, आमसुले आणि वर्षभराचे तांदूळ असत, आणि घरात चार सुना. किल्ल्यांचा जुडगा आजीच्या कमरेला. कोणत्याही सुनेने कोठीत पाऊल टाकल्याचे मला आठवत नाही. "सासूबाई, दोन शेर तांदूळ" असे सांगितले की आजी उठे, आत जाई, मापून आणी, आणि ती आत असताना दुसरी सून आली तर ती उंबऱ्याबाहेर उभी राही. गूळ संपला असला तर आजी म्हणे, "बस जरा, गाडी बाजारातून येऊ दे," आणि गाडी आल्यावर जिने आधी मागितला होता तिलाच आधी हाक जाई. कोठी उघडल्यावर आतल्या पेटीसाठी तिला पुन्हा कोणाची परवानगी लागत नसे. ज्याने कुलूप धरले आहे त्याला तेच कुलूप पुन्हा अडवीत नाही, हा नियम जावा नावाच्या भाषेतही आहे असे भाचा म्हणाला. १९९५ साली आलेल्या त्या भाषेत प्रत्येक वस्तूच्या कमरेला जन्मतःच एक किल्ली बांधलेली असते; 'सिंक्रोनाइझ्ड' हा शब्द दारावर लिहिला की ती किल्ली कामास लागते. मात्र तो शब्द प्रत्येक दारावर लिहावा लागतो. एक दार राहिले की संपले. आमच्या कोठीला परसाकडे एक गजाची खिडकी होती, तिच्यावर आजीचा पहारा नव्हता, आणि धाकटे काका तिच्यातून बांबूच्या काठीने फणसपोळ्या ओढीत. आजीचा हिशेब चार वर्षे जुळत नव्हता. तिने संशय घेतला तो चारही सुनांचा.

इतके सगळे शिकल्यावर मी स्वस्थ बसणे शक्य नव्हते. मी सभेत ठराव मांडला की किल्ली आणि चावी दोन्ही पंपाच्या खोलीच्या दारात बसणाऱ्या वॉचमनच्या कमरेला बांधाव्यात. कोणीही सभासदाने आत जाऊ नये. त्याला सांगावे, त्याने नोंदवहीत वेळ लिहावी आणि स्वतः पंप चालू करावा. तीन सभा ज्या प्रश्नावर तहकूब झाल्या होत्या तो प्रश्न या ठरावाने एका फटक्यात निकालात निघाला, कारण मान कोणत्याच विंगेला मिळाला नाही, आणि आमच्याकडे एकमत होण्यास एवढे कारण पुरते. सात आठवडे दोन्ही विंगांच्या टाक्या वेळेवर भरल्या. मी भाच्याला फोन करून कळविले की तुमच्या शास्त्राचे काम आमच्या वॉचमनने केले. तो म्हणाला, "छानच झालं, मामा. पण किल्ली कमरेला असताना माणूसच निघून गेला तर?" अशा शंका तरुण लोक काढतात म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही.

वॉचमन परवा भावाच्या लग्नासाठी महिन्याच्या रजेवर गावी गेला. जाताना त्याने दोन्ही चीजा, विश्वासू माणूस म्हणून, माझ्या हवाली केल्या. तेव्हा ए आणि बी विंगमधील सर्व सभासदांस कळविण्यात येते की पंपाची किल्ली व व्हॉल्व्हची चावी तूर्त तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे आहेत. दुपारी दोन ते चार मी झोपतो. इतर वेळी यावे. एका वेळी एकानेच यावे. आणि दुसरा कोणी दारात उभा असल्यास बेल वाजवू नये.